खोक्यावर सरडा, पिंजऱ्यात तात्या: सिरॅमिक हीटरचा एक हिवाळा

पाचापैकी तीन तारे दिलेत. कापलेले दोन हीटरचे नाहीत, त्याच्याबरोबर आलेल्या होल्डरचे आहेत. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. पण घरात पक्षी असेल तर पुढचं वाचा, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझी एक आख्खी रात्र वाचली असती.

वस्तू आहे १०० वॅटचा सिरॅमिक हीटर. आकार साधारण बल्बचा, रंग काळा, दिसायला कुंभाराकडच्या एखाद्या पणतीच्या नातेवाइकासारखा. पेटत नाही, नुसता तापतो. चिमट्याच्या होल्डरसकट ऑनलाइन ६४९ रुपयांना मागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच माल चार-पाच नावांनी विकायला आहे आणि खोक्यावरचं चित्रसुद्धा तेच. चित्र सरड्याचं. सरडे, साप, कासवं पाळणाऱ्यांसाठी निघालेली ही वस्तू, पक्षीवाल्यांनी नंतर उचलली. आमच्या ह्यांनी खोकं बघितलं आणि म्हणाले, "तात्यांना जोडीला घोरपड आणलीस काय?"

तात्या म्हणजे आमचा कॉकटील, पोपटाच्याच कुळातला छोटा पक्षी. अंगाने राखाडी, गालांवर नारिंगी टिकल्या, डोक्यावर तुरा, आणि चेहऱ्यावर पेन्शन अडकल्याचा भाव, म्हणून तात्या. लेक बंगळुरूला नोकरीला गेली आणि हा आमच्या गळ्यात पडला, त्याला आता पाच वर्षं झाली. कुकरच्या शिट्टीची नक्कल इतकी हुबेहूब करतो की दोनदा मी डाळ कच्ची असताना गॅस बंद केलाय. (सोसायटीत दर नवा माणूस विचारतो म्हणून सांगते: आपला हिरवा पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. कॉकटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा, त्याची गोष्ट वेगळी.)

आम्ही पाषाणला राहतो. पुण्यात थंडी सगळ्यांना सारखी वाटून दिलेली नाही. मगरपट्ट्याची माझी बहीण डिसेंबरात पंखा लावून झोपते तेव्हा इकडे आम्ही कानटोप्या शोधत असतो. सिमला ऑफिसच्या, म्हणजे इथल्या वेधशाळेच्या, नोंदीत पुण्याचा नीचांक १.७ अंश आहे, १७ जानेवारी १९३५चा. तेवढी थंडी आता पडत नाही, पण आठ-नऊपर्यंत पारा दर वर्षी उतरतो. मी बँकेत ३१ वर्षं कॅशवर काढली, त्यामुळे आकडे दिसले की लिहून ठेवायची खोड आहे. १४ डिसेंबरची माझ्या वहीतली नोंद अशी: पहाटे सहाला बाहेर ९, बंद केलेल्या बाल्कनीत १२.५, हॉलमध्ये १८. त्याच दिवशी दुपारी तीनला बाल्कनीत २९. खरी गोम या शेवटच्या आकड्यात आहे. आपल्याकडची थंडी नुसती गार नसते, ती सकाळी स्वेटर आणि दुपारी सरबत मागते. तात्यांचा पिंजरा त्याच बाल्कनीत होता.

तरी हीटर लगेच घेतला नव्हता. धडधाकट पक्ष्याला पुण्याच्या थंडीत हीटर लागत नाही असं मीही म्हणायचे, अजूनही म्हणते. पक्ष्याच्या अंगातच ४०-४१ अंशांची भट्टी असते. पिसं फुलवली की मधे हवा अडकते, तीच त्याची रजई. एक पाय पोटात, चोच पाठीच्या पिसांत, की झाली झोपेची तयारी. पण सोळाच्या सकाळी साडेदहाला, बाल्कनीत चांगलं ऊन आलेलं असताना, तात्या फुलूनच बसले होते. प्रत्येक श्वासाला शेपूट खालीवर हलत होती. शिट्टी नाही, आरशाशी भांडण नाही. दर रविवारी मी त्यांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलते. ९४ ग्रॅमचे तात्या ८६वर आले होते. आठ ग्रॅम म्हणजे काय, असं वाटेल. माझं वजन त्याच हिशेबाने पाच-सहा किलो उतरलं असतं.

डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं की बरा होईपर्यंत २९-३० अंशांत ठेवा, म्हणजे ऊब टिकवण्यात त्याची ताकद खर्च होणार नाही. आणखी एक सांगितलं, ते मी वहीत पहिल्या पानावर लिहिलंय: पक्षी आजारी दिसायला लागला याचा अर्थ तो बरेच दिवस लपवत होता. रानात अशक्तपणा दाखवला की शिकारी हेरतो, ती सवय पिंजऱ्यातही सुटत नाही.

त्या संध्याकाळी चाळीसचा पिवळा बल्ब लावून बघितला. ऊब मिळाली, पण तात्या रात्रभर टक्क जागे. रबराची गरम पाण्याची पिशवी दोन तासांत गार. आमच्या खोलीतला तारांचा हीटर हवा इतकी सुकवतो की सकाळी माझंच नाक कोरडं ठणठणीत, आणि कॉकटीलच्या अंगावरून पांढरी भुकटी झडत असते, ती कोरड्या हवेत घरभर. उजेड न देता तापणारं काहीतरी हवं होतं. लेकीने फोनवरून हा हीटर शोधून दिला, दुसऱ्या दिवशी दुपारी खोकं दारात.

मागवण्याआधी एकच गोष्ट विचारून घेतली आणि तुम्हीही घ्या. काही हीटरांवर आणि तापणाऱ्या दिव्यांवर नॉनस्टिक तव्यासारखा टेफ्लॉनचा थर असतो. तो जास्त तापला की निघणारा वायू आपल्याला फारसा जाणवत नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत मरू शकतो. त्याचं फुप्फुस आपल्यापेक्षा फार कार्यक्षम असतं, जोडीला हवेच्या पिशव्या, त्यामुळे हवेतलं चांगलं-वाईट सगळं तो भराभर ओढून घेतो. ग्राहक सेवेतल्या मुलाला विचारलं, "यावर टेफ्लॉन आहे का?" तो उत्साहाने म्हणाला, "हो मॅडम, एकदम बेस्ट कोटिंग आहे!" म्हटलं, बाळा, नसेल तरच घेणार आहे. मग त्याने कुणाला तरी विचारून ईमेलवर लिहून दिलं की थर कसलाच नाही, नुसती भाजलेली माती आहे. ते ईमेल जपून ठेवलंय. शिवाय आल्या आल्या हीटर गच्चीवर नेऊन चार तास नुसता तापवला. पहिला तासभर नव्या कुकरसारखा वास आला, मग गेला.

आता होल्डर. आपल्या घरातले दिवे पिनांचे, हा हीटर आट्यांचा, त्यामुळे बरोबर आलेल्या चिमट्याच्या होल्डरशिवाय गत्यंतर नाही. वरून तो चकचकीत पत्र्याचा दिसतो, आतली वाटी प्लॅस्टिकची. बल्बला चालेल, पण हा हीटर दोनशे अंशांच्या वर तापतो. तिसऱ्या रात्री दोन चाळीसला मला वासाने जाग आली. जळक्या वायरीचा वास. हीटरच्या मानेपाशी ती वाटी उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखी वाकली होती आणि हीटर एका बाजूला मान टाकून लोंबत होता, खालच्या वर्तमानपत्रापासून चार बोटं वर. स्विच बंद केला. आता वास घालवायचा तर खिडक्या उघडायला हव्यात, बाहेर दहा अंश, आणि घरात ज्याला उबेत ठेवायला सांगितलंय असा पेशंट. ह्यांनी एरवी तात्यांना हात लावलेला मी पाहिलेला नाही. त्या रात्री ते पिंजरा घेऊन दार लावून न्हाणीघरात बसले, पिंजऱ्यावर स्वतःची शाल, पाटावर स्वतः, गीझर चालू. मी हॉलच्या खिडक्या सताड उघडून टॉवेलने वारा घालत होते. पहाटे चारला न्हाणीघरातून कुकरची शिट्टी ऐकू आली. आजारपणातली पहिली.

सकाळी तक्रार केली. उत्तर: "मॅडम, प्रॉडक्ट रेप्टाइलसाठी आहे." म्हणजे साप असता तर होल्डर वितळला नसता? फोटो पाठवल्यावर नवा होल्डर पाठवला, तोही प्लॅस्टिकचाच. वर पुढच्या खरेदीवर १५० रुपयांचं कूपन. दोन तारे इथे गेले.

उपाय सोपा निघाला. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या देवळापाशी जा, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात "आट्यांचा चिनीमातीचा होल्डर" म्हणून मागा. मला १२० रुपयांना मिळाला. उष्णता सोसणारी वायरही तिथेच घेतली. दुकानदाराने विचारलं, "अंडी उबवायला का?" म्हटलं, नाही हो, म्हाताऱ्यासाठी. नंतर उगाच वाईट वाटलं, तात्या अजून तरुणच आहेत. नीट सांभाळला तर कॉकटील पंधरा-वीस वर्षं जगतो.

दुसरी भर थर्मोस्टॅटची, म्हणजे तापमान बघून हीटर चालू-बंद करणाऱ्या यंत्राची, ८९० रुपये. हीटरपेक्षा महाग आहे म्हणून टाळू नका. थर्मोस्टॅट नसेल तर हा हीटर पहाटेही शंभर वॅट आणि दुपारी २९ अंशांतही शंभर वॅटच. वायरीच्या टोकाचा सेन्सर तात्यांच्या झोपायच्या दांडीशेजारी बांधलाय, पण चोच पोचणार नाही अशा बेताने. विजेचं म्हणाल तर दहा तास सलग चालला तरी एकच युनिट, आणि तो सलग चालत नाही.

लावायचा कुठे, यावरून आमच्याकडे चार दिवस वाद चालला. हे रोज सकाळी पाषाण तलावावर फिरायला जातात. एक दिवस येऊन म्हणाले, "जलपर्णीतून उरलंय तेवढ्या पाण्यात थापट्या बदकं पाय सोडून मजेत बसलीत. दूर उत्तरेकडून आपली थंडी सोसवते म्हणून येतात ती. आणि तुझ्या तात्यांना शेगडी." बदकांचे पाय गारठत कसे नाहीत हे मी त्यांना वाचून दाखवलं: पायाकडे जाणाऱ्या आणि पायातून परतणाऱ्या रक्तवाहिन्या एकमेकींना खेटून असतात, गरम रक्त वाटेतच आपली ऊब परतणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं, तळव्यापर्यंत थोडकीच पोचते, म्हणून पाण्यात वायाही थोडकीच जाते. वाचताना मलाच मुद्दा सापडला. बाहेरच्या पाखराला गार वाटलं की ते उठून उन्हात जातं. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर रोज दहाच्या सुमाराला एक सरडा (खरा) येऊन ऊन अंगावर घेतो आणि पुरे झालं की फटीत जातो. गच्चीवर धोबी पक्षी येतात, शेपूट नाचवत सावलीतून उन्हाच्या पट्ट्याकडे सरकत राहतात. तात्यांना आपण ठेवू तिथेच बसावं लागतं. वाऱ्यात ठेवलं तर वाऱ्यात, आणि हीटरखाली ठेवलं तर हीटरखाली.

म्हणून हीटर पिंजऱ्याच्या एकाच टोकाला, जाळीच्या बाहेर, वीतभरापेक्षा थोडा जास्त लांब लावला. एका टोकाला ३० अंश, दुसऱ्या टोकाला २२. मधल्या तीन दांड्यांवर कुठे बसायचं ते तात्यांनी ठरवायचं. पहिल्या आठवड्यात ते गरम दांडी सोडत नव्हते. जानेवारी लागल्यावर मधल्या दांडीवर आले. वजन ९१. डॉक्टरांकडे जाण्याआधीच मला कळलं होतं की गाडी रुळावर येतेय. बरे झाल्यावर मग हीटर एकदम बंद केला नाही, दर तीन दिवसांनी एकेक अंश उतरवत गेले.

आणखी दोन गोष्टी हीटरबरोबरच्या चिठोऱ्यावर नाहीत. एक, तो उजेड देत नाही, आणि कॉकटील मिट्ट काळोखात दचकतात. रात्री एखादी पाल सरकली तरी पिंजऱ्यात धडपडून पंखाची पिसं मोडून घेतात. झिरोचा दिवा वेगळा लागतो. दुसरी, पिंजऱ्यावर कापड घालत असाल तर हीटरच्या बाजूने ते कधीच घालू नका. आमच्याकडे आईच्या इरकल लुगड्याची गोधडी तीन बाजूंनी असते, चौथी उघडी. आणि खरं सांगायचं तर बाल्कनीच्या सरकत्या काचांच्या फटीत मी जी फेसाची पट्टी चिकटवली, चाळीस रुपयांची, तिने निम्मं काम केलं. त्या फटीतून नुसती हवाच येत नव्हती. खाली वॉचमनदादा पहाटे पाचला पाचोळ्याची शेकोटी करतात आणि थंडीत तो धूर वर न जाता इमारतीला बिलगून राहतो. तात्यांच्या श्वासाला थंडीपेक्षा धूरच जास्त बाधला असेल असा मला दाट संशय आहे. दादांना सांगितलं, त्यांनी शेकोटी गेटच्या पलीकडे नेली, मी त्यांना ह्यांची जुनी कानटोपी दिली. डासांची कॉइल आणि धूप आमच्याकडे आता बंद आहेत. देवापुढे निरांजन पुरतं.

खाण्याचं थोडक्यात. थंडीत सूर्यफुलाच्या बिया जास्त घालायचा मोह होतो, पण तो नुसता चरबीचा साठा आहे. आमच्याकडे राळं आणि बाजरी. जानेवारीत ह्यांच्या मावसभावाने सोलापूरहून हुरड्याची कणसं पाठवली. न भाजलेलं एक कणीस पिंजऱ्याला आडवं बांधलं, तर तात्या त्याला उलटे लटकून तासभर खात होते, चोचीला हिरवट दूध लागलेलं. मावसभावाला व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर आलं, "वहिनी, एकट्या तात्याचं काय कौतुक, इथे भोरड्यांचे थवेच्या थवे रोज हेच करतात, मी गोफण घेऊन उभा आहे." भोरड्या मध्य आशियाकडून हिवाळ्याला येतात आणि शाळू दुधात असताना शेतांवर उतरतात.

पुण्याच्या थंडीने पाखरू मेलेलं मी पाहिलेलं नाही. मांजाने मात्र पाहिलंय. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी यंदा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या पर्जन्यवृक्षावर एक घार पंखाने लटकलेली होती. अग्निशमन दलाची गाडी आली, शिडी लावून तिला उतरवलं, जिवंत होती. पुढे काय झालं ते कळलं नाही. तात्यांना मी आठवडाभर गच्चीवर नेलं नाही.

तर हिशेब. हीटर ६४९, होल्डर १२०, वायर ६०, थर्मोस्टॅट ८९०, पट्टी ४०. एकूण १,७५९ रुपये. पक्षी आजारी असेल, पिसं झडण्याच्या काळात असेल, फार म्हातारा असेल किंवा पिल्लू असेल तर घ्या, पण होल्डर आणि थर्मोस्टॅट आल्याशिवाय प्लग लावू नका. पक्षी ठणठणीत असेल तर पिंजरा रात्री हॉलमध्ये आणा, फटी बुजवा आणि पैसे वाचवा. एकट्या हीटरबद्दल माझी तक्रार एकच, तीही तारा कापण्याइतकी नाही. चालू आहे की बंद हे त्याच्याकडे बघून कळत नाही. एक बारीकसा लाल दिवा दिला असता तर काय बिघडलं असतं?

मी कानावर भिस्त ठेवून होते. थर्मोस्टॅट हीटर चालू करताना "टक्" असा आवाज करतो, तो रात्री झोपेतही ऐकू यायचा आणि मी निर्धास्त व्हायचे. मागच्या आठवड्यात एका रात्री टक् टक् टक् असं सारखं चाललं होतं. म्हटलं, बिघडला, आता पुन्हा ते कूपनवाले. उठून बाल्कनीत गेले तर थर्मोस्टॅटचा प्लगच काढलेला होता, संध्याकाळी मीच काढला होता. तात्या गार दांडीवर, माझ्याकडे एक डोळा करून बसले होते. मी बघतेय म्हटल्यावर पुन्हा एकदा, अगदी स्पष्ट: टक्.